बेल्टवर चालणाऱ्या यंत्रांत बेअरिंगवरचा भार कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या कुंडई, मडकई, वेर्णा, बेतोडा अशा औद्योगिक वसाहतींतले छोटे कारखाने, गावोगावच्या भात गिरण्या, खोबरेलाचे घाणे, जेटीलगतचे बर्फाचे कारखाने, चिरेखाणींवरच्या कटिंग मशीन, या सगळ्यांत मोटरची ताकद यंत्रापर्यंत व्ही-बेल्टच, म्हणजे पाचरीच्या आकाराचा पट्टाच, नेतो. बेअरिंग गेलं की सहसा दोष बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो. पण ते बेअरिंग किती भार सोसत होतं, याचा हिशेब क्वचितच मांडलेला असतो. हिशेब अवघड नाही. साधा कॅल्क्युलेटर, मोजपट्टी आणि एक स्प्रिंगचा काटा एवढ्यावर भागतं.

बेअरिंगवर भार नेमका कशामुळे येतो?

तीन गोष्टींमुळे: बेल्टची ओढ, पुलीचं वजन, आणि शाफ्टसकट फिरणाऱ्या भागाचं वजन. गिअर असेल तर त्याचा दाब वेगळा धरावा लागतो. लहान आणि मध्यम यंत्रांत बेल्टची ओढ इतर दोन्हींपेक्षा बरीच जास्त असते, आणि ती किती ठेवायची हे बेल्ट बसवणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून या पानावर सगळ्यात जास्त भर तिच्यावर आहे.

मोटरच्या अश्वशक्तीवरून बेल्टची ओढ कशी काढायची?

आधी एचपीचे किलोवॅट करा (१ एचपी = ०.७४६ किलोवॅट). मग:

कामाची ओढ (न्यूटन) = १,९१,००,००० × किलोवॅट ÷ (आरपीएम × पुलीचा व्यास मिमीमध्ये)

व्यास बाहेरचा घ्यायचा नाही. बेल्ट ज्या रेषेवर काम करतो तो पिच व्यास घ्यायचा. आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) आणि व्यास एकाच पुलीचे हवेत. मोटरच्या पुलीचा व्यास घेतला तर आरपीएमही मोटरचेच.

पुढच्या सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण वापरू: भाताच्या हलरसारखं यंत्र, १० एचपी म्हणजे ७.५ किलोवॅटची मोटर, १४४० आरपीएम, मोटरवर १५० मिमीची पुली, यंत्रावर ३०० मिमीची, त्यामुळे यंत्राचे आरपीएम ७२०. बी सेक्शनचे (ए, बी, सी ही बेल्टच्या जाडीची मापं) तीन बेल्ट. दोन्ही शाफ्टमधलं अंतर ५०० मिमी.

१,९१,००,००० × ७.५ ÷ (१४४० × १५०) = सुमारे ६६३ न्यूटन.

ही झाली दोन्ही बाजूंच्या ताणांतली तफावत. काम या तफावतीमुळेच होतं. शाफ्टवर मात्र तफावत येत नाही, बेरीज येते.

मग शाफ्टवर एकूण किती?

व्ही-बेल्टच्या हिशेबात ताठ बाजूचा ताण ढिल्या बाजूच्या पाचपट धरण्याची पद्धत आहे. तफावत १ असेल तर ताठ बाजू १.२५ आणि ढिली बाजू ०.२५ येते, म्हणजे बेरीज १.५. कॅटलॉगमध्ये दिसणारा १.५ हा गुणक इथून आला. प्रत्यक्षात व्ही-बेल्टसाठी हा गुणक १.२ ते २.५ च्या दरम्यान असतो. फ्लॅट बेल्टला पकड कमी, म्हणून तो जास्त ओढून बसवावा लागतो आणि गुणक १.५ ते ४.५ पर्यंत जातो. दातेरी टायमिंग बेल्टला १.१ ते १.३ पुरतो.

आपल्या उदाहरणात ६६३ × १.५ = ९९५ न्यूटन. भात टाकताना ओघ कमीजास्त होतो, म्हणून वर १.३ चा सेवा गुणक लावू: सुमारे १३०० न्यूटन. काम नीट होण्यासाठी एवढी ओढ पुरेशी आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोन बेअरिंगांत हा भार अर्धा-अर्धा वाटला जातो का?

नाही. निम्मं-निम्मं धरणं ही या विषयातली सर्वांत जास्त दिसणारी चूक. पुली बहुधा दोन्ही बेअरिंगांच्या बाहेर, शाफ्टच्या टोकावर असते. शाफ्ट तरफेसारखा वागतो. जवळच्या बेअरिंगवर बेल्टच्या ओढीपेक्षा जास्त भार येतो आणि लांबचं बेअरिंग उलट दिशेला खेचलं जातं.

समजा दोन बेअरिंगांच्या मध्यांतलं अंतर ४०० मिमी आणि जवळच्या बेअरिंगच्या मध्यापासून बेल्टच्या मध्यापर्यंत १२० मिमी.

जवळचं बेअरिंग: १३०० × (४०० + १२०) ÷ ४०० = १६९० न्यूटन.
लांबचं बेअरिंग: १३०० × १२० ÷ ४०० = ३९० न्यूटन, उलट दिशेला.

आता वजनं. पुली १५ किलो, म्हणजे साधारण १५० न्यूटन. ती त्याच ठिकाणी लटकते, म्हणून जवळच्या बेअरिंगवर १९५ न्यूटन खाली आणि लांबच्यावर ४५ न्यूटन वर. मधला रोटर ४० किलोचा धरला तर दोन्हींवर साधारण १९६ न्यूटन खाली. एकूण: जवळच्या बेअरिंगवर ३९१ न्यूटन खाली, लांबच्यावर १५१ न्यूटन खाली.

मोटर बाजूला असेल तर बेल्टची ओढ आडवी आणि वजन उभं. दोन्हींची सरळ बेरीज करायची नाही. दोघांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा.

जवळचं: १६९० आणि ३९१ मिळून १७३५ न्यूटन.
लांबचं: ३९० आणि १५१ मिळून ४१८ न्यूटन.

एकाच शाफ्टवर एकाच मापाची दोन बेअरिंग आणि एकावर दुसऱ्याच्या चौपट भार! पुलीकडचं बेअरिंग वरचेवर बदलावं लागतं आणि पलीकडचं वर्षानुवर्षं टिकतं, ते यामुळे.

मोटर यंत्राच्या वर, खाली किंवा बाजूला बसवल्याने फरक पडतो का?

पडतो. मोटर सरळ खाली असेल तर बेल्टची ओढ आणि वजन एकाच दिशेला, जवळच्या बेअरिंगवर १६९० + ३९१ = २०८१ न्यूटन. त्याच वेळी लांबचं बेअरिंग २३९ न्यूटनांनी वर उचललं जातं. मोटर वर असेल तर जवळच्या बेअरिंगवर १२९९ न्यूटन येतात, पण वरच्या दिशेने.

वरच्या दिशेचा भार दुर्लक्षून चालत नाही. दोन तुकड्यांच्या प्लमर ब्लॉकमध्ये (बेअरिंग धरणाऱ्या हाऊसिंगमध्ये) तो सगळा वरच्या कॅपवर आणि तिच्या बोल्टवर येतो, आणि बिडाचं हाऊसिंग पायाकडे जेवढं मजबूत असतं तेवढं कॅपकडे नसतं. मोटर वर असलेल्या यंत्रांत कॅपचे आणि पायाचे बोल्ट नेमून दिलेल्या टॉर्कने आवळा आणि तपासत राहा.

बेअरिंगचं आयुष्य किती येईल?

बॉल बेअरिंगसाठी: (कॅटलॉगमधली डायनॅमिक, म्हणजे फिरत्या बेअरिंगची, क्षमता ÷ भार) याचा घन = दशलक्ष फेरे. तास हवे असतील तर त्याला १०,००,००० ने गुणून (६० × आरपीएम) ने भागा.

यूसी २०८ (शाफ्टवर सरकवून स्क्रूने आवळायचं बॉल बेअरिंग) याची क्षमता साधारण २९,१०० न्यूटन असते. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, आपल्या कंपनीचा आकडा घ्या. १७३५ न्यूटन भाराला उत्तर येतं सुमारे १,०९,००० तास. रोज ८ तास पूर्ण भारावर चालणाऱ्या यंत्राला २०,००० ते ३०,००० तासांचं आयुष्य पुरेसं मानतात आणि २४ तास चालणाऱ्याला ४०,००० ते ५०,०००. म्हणजे हे बेअरिंग गरजेपेक्षा खूपच मोठं ठरलं. हे आयुष्य शंभरातली नव्वद बेअरिंग गाठतात असं गृहीत असतं, दहा त्याआधी जाऊ शकतात.

कागदावर लाख तास आणि प्रत्यक्षात वर्षही निघत नाही. असं का?

कारण वरचा भार मोटरच्या शक्तीवरून काढला. बेअरिंगला मोटरची शक्ती कळत नाही. त्याला बेल्ट किती ताणलाय एवढंच जाणवतं. रेल्सवर मोटर सरकवून बेल्ट ताणला की दोन्ही बाजूंच्या ताणांची बेरीज जवळपास ठरून जाते. यंत्र पूर्ण भारावर असो, रिकामं फिरत असो की बंद असो, ती फारशी बदलत नाही. रात्रभर बंद असलेल्या यंत्राच्या बेअरिंगवरही तीच ओढ असते.

याच यंत्रावर तीन वेगवेगळ्या हातांनी बेल्ट बसवले असं धरू. बी बेल्टच्या मध्यावर आडवं खेचून, एक मीटर लांबीमागे १६ मिमी वाक यायला किती बळ लागतं, यावरून ताण कळतो. एका पदराचा (दोन पुल्यांमधल्या बेल्टच्या एका बाजूचा) ताण ढोबळमानाने त्या बळाच्या १६ पट. बेल्टच्या स्वतःच्या ताठपणामुळे खरा ताण याहून थोडा कमी असतो.

कामापुरती ओढ, १३०० न्यूटन: जवळच्या बेअरिंगचं आयुष्य १,०९,००० तास.

बळ २० न्यूटन, म्हणजे काट्यावर २ किलो: एका पदरात ३२० न्यूटन, तीन बेल्टचे सहा पदर मिळून १९२० न्यूटन. बेअरिंगवर वजनासकट २५२६ न्यूटन. आयुष्य सुमारे ३५,००० तास. हे उत्तम आहे.

बळ ५० न्यूटन, म्हणजे ५ किलो: सहा पदर मिळून ४८०० न्यूटन. बेअरिंगवर ६२५२ न्यूटन. आयुष्य सुमारे २,३०० तास. ८ तासांच्या पाळीने दहा महिनेसुद्धा नाहीत. दोन पाळ्यांत पाच महिने.

तिन्ही वेळा मोटर तीच, बेअरिंग तेच, ग्रीस तेच. भार दुप्पट झाला की आयुष्य आठपट घटतं, कारण सूत्रात घन आहे. बेल्ट किंचाळतो म्हणून रेल्सचा बोल्ट आणखी दोन फेरे आवळला, तर आवाज त्या दिवशी थांबतो आणि बेअरिंगचं आयुष्य तिथेच खर्ची पडायला लागतं. किंचाळण्याचं कारण बहुतेक वेळा झिजलेली खोबण असते. बेल्ट खोबणीच्या तळाला टेकला की पाचरीची पकड जाते, मग कितीही ताणा, घसरतोच. आवळण्याआधी बेल्ट काढून खोबणीच्या भिंती बघा. सरळ असायला हव्यात, बशीसारख्या आत गेलेल्या नकोत. तळ चकाकत असेल तर पुली बदला.

ताण मोजायला खास यंत्र लागतं का?

लागत नाही. मासळी बाजारात वापरतात तसला आकड्याचा स्प्रिंगकाटा चालतो, फक्त बरोबर वजन दाखवणारा हवा. बेल्ट पुलीला जिथे सुटतो तिथपासून दुसऱ्या पुलीपर्यंतची लांबी मोजा. आपल्या उदाहरणात ती साधारण ४९४ मिमी, म्हणून वाक ८ मिमी हवा. दोन्ही पुलींवर टेकेल अशी सरळ पट्टी किंवा घट्ट दोरी धरा. बेल्टच्या मध्याला आकडा अडकवून काटकोनात खेचा आणि बेल्ट पट्टीपासून ८ मिमी सरकला की काटा वाचा. प्रत्येक बेल्टचं माप वेगळं घ्या, सरासरी काढा.

नेहमीच्या पुल्यांसाठी ए सेक्शनला १० ते १५ न्यूटन, बी ला २० ते ३०, सी ला ४० ते ६०. दहा न्यूटन म्हणजे जवळपास १ किलो. नवा बेल्ट वरच्या आकड्याला बसवा, कारण पहिल्या तासांत तो खोबणीत बसतो आणि सैलावतो. अर्धा तास चालवून पुन्हा मोजा, मग एक-दोन दिवसांनी.

अंगठ्याने दाबून बघायची सवय सोडून द्या. अंगठ्याला ३ किलो आणि ५ किलोतला फरक कळत नाही, आणि बेअरिंगचं आयुष्य त्याच फरकावर अवलंबून आहे.

तीन बेल्ट पुरत असताना खबरदारी म्हणून चौथा घातला तर?

प्रत्येक बेल्ट त्याच काट्याला बसवला तर भार एक-तृतीयांशाने वाढतो आणि आयुष्य निम्म्याहून कमी होतं. शिवाय पुली रुंद होते आणि ओढीचा मध्य बेअरिंगपासून लांब जातो. चौथा घालायचाच असेल तर प्रत्येकाचा ताण त्या प्रमाणात कमी ठेवा. तीनपैकी एक तुटला तर तिन्ही एकदम बदला. जुन्यांत एक नवा घातला तर सगळा भार नवाच ओढतो.

मोटरचं बेअरिंग आधी जातं. मोटर बदलावी का?

आधी पुली बघा. १५० ऐवजी १२५ मिमीची पुली घातली की तीच शक्ती न्यायला ओढ २० टक्के वाढते. आपल्या उदाहरणात १३०० चे १५६०. ए बेल्टला ७५, बी ला १२५ आणि सी ला २०० मिमीपेक्षा लहान पुली वापरू नये. त्याखाली बेल्ट पण लवकर तडकतो.

दुसरं, पुली शाफ्टच्या खांद्यापर्यंत आत गेलेली हवी. ७.५ किलोवॅटच्या १३२ फ्रेमच्या मोटरचा शाफ्ट ८० मिमी बाहेर असतो. बेल्टचा मध्य खांद्यापासून ४० मिमीच्या आत ठेवा. दोन खोबणींचं काम असताना चार खोबणींची पुली लावली तर बेल्ट मोटरकडच्या दोन खोबणींत घाला, शाफ्टच्या टोकाकडच्या दोन मोकळ्या राहू द्या. मोटर कंपनी शाफ्टच्या टोकावर चालणारा कमाल आडवा भार कॅटलॉगमध्ये देते. काट्यावरून निघालेली ओढ त्याच्याशी ताडून पाहा, नेमप्लेटवरची एचपी बघून उपयोग नाही.

पुलीला बेल्टचा वळसा १८० अंशांपेक्षा कमी असेल तर हिशेब बदलतो का?

ओढीच्या बेरजेच्या दृष्टीने फारसा नाही. आपल्या उदाहरणात मोटरकडे वळसा १६३ अंश, फरक एका टक्क्याचा. १२० अंशांपर्यंत आला तर दोन पदरांची एकत्रित ओढ साधारण १३ टक्के कमी होते, पण पकडही कमी झाल्यामुळे बेल्ट जास्त ताणावा लागतो. म्हणून फायदा काही नाही.

मधल्या शाफ्टवर दोन पुल्या आहेत. तिथे काय करावं?

दोन्ही ओढींच्या दिशा कागदावर बाणांनी काढा. मोटर आणि यंत्र मधल्या शाफ्टच्या एकाच बाजूला असतील तर ओढी एकमेकींत मिळतात. समोरासमोर असतील तर बऱ्याच अंशी एकमेकींना फेडतात. नवीन मांडणी करताना जागा असेल तर समोरासमोरच ठेवा. आयडलर पुली (बेल्ट ताणून धरायला मधे बसवलेली मोकळी पुली) असेल तर तिचंही बेअरिंग मोजा: बेल्ट तिला ६० अंशांचा वळसा घेत असेल तर तिच्यावर एका पदराच्या ताणाएवढा भार येतो.

यूसी बेअरिंग शाफ्टवर फिरतं आणि शाफ्ट खातं. भाराशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. बेल्टची ओढ एकाच दिशेला स्थिर असते आणि शाफ्ट फिरतो. म्हणून आतल्या रिंगचा प्रत्येक भाग आळीपाळीने भाराखाली येतो आणि रिंग शाफ्टवर रांगायला लागते. अशा ठिकाणी आतली रिंग घट्ट बसलेली हवी. यूसी बेअरिंगला फक्त दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे आवळायचे स्क्रू) असतात आणि शाफ्टवर ते सरकवून बसवतात, त्यामुळे जड ओढीला ते कमी पडतात. शाफ्ट मायक्रोमीटरने मोजा. ब्राइट बार सरसकट वापरला असेल तर तो बहुधा थोडा बारीकच निघतो. ग्रब स्क्रूखाली शाफ्टला हलका खळगा पाडा आणि एक दिवस चालवून स्क्रू पुन्हा आवळा. तरीही शाफ्ट झिजत असेल तर ॲडॅप्टर स्लीव्हचं (शाफ्टभोवती आवळून घट्ट बसणाऱ्या बाहीचं) बेअरिंग आणि प्लमर ब्लॉक घ्या. वेल्डिंग भरून शाफ्ट पुन्हा पुन्हा टर्न करण्यापेक्षा ते शेवटी स्वस्त पडतं.

पावसाळ्यात यंत्र बंद ठेवतो. बेल्ट तसाच ठेवला तर चालेल?

चालणार नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बर्फाच्या कारखान्यांतली मागणी घटते आणि काही कॉम्प्रेसर उभे राहतात. हंगामावर चालणाऱ्या गिरण्या आणि घाणेही असेच उभे असतात. बेल्ट ताणलेला राहिला तर भाराखालचे तेच दोन-तीन बॉल आठवडेच्या आठवडे एकाच जागी दाबलेले राहतात. तिथलं ग्रीस बाजूला सरकतं, दमट हवेतलं पाणी साचतं आणि बॉलच्या अंतराअंतरावर गंजाचे डाग पडतात. शेजारी दुसरं यंत्र चालू असेल तर त्याच्या थरथरीने तिथेच खळगे पडतात. यंत्र सुरू केल्यावर येणारी एकसुरी घरघर यातलीच.

बंद करण्याआधी बेल्ट सैल करा, ताजं ग्रीस भरून जुनं बाहेर येऊ द्या, आणि आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने काही फेरे फिरवून वेगळ्या जागी थांबवा. किनाऱ्याजवळ खारी हवा आणि चिरेखाणीवर लाल धूळ असते, तिथे दोन ओठांचं सील असलेलं बेअरिंग घ्या. अमोनियाच्या कॉम्प्रेसरजवळ पितळी केज (बॉल जागेवर धरणारा सांगाडा) टाळा, अमोनियाने पितळ तडकतं. पत्र्याची पोलादी केज तिथे योग्य.

मोठं रोलर बेअरिंग घातलं की प्रश्न सुटेल का?

नेहमी नाही. रोलर बेअरिंगला क्षमतेच्या साधारण २ टक्के भार कायम हवा, बॉलला १ टक्का. तेवढा नसेल तर रोलर फिरायचे सोडून घसरतात आणि रस्ता खरवडतात. पुलीकडचं बेअरिंग रोलरचं आणि लांबचं बॉलचं ही जोडी बेल्टच्या यंत्राला बरोबर बसते. बेल्ट काढून तीच मोटर कपलिंगने थेट जोडली तर मात्र ते रोलर बेअरिंग भाराविना राहील, तेव्हा ते बदला.

काढलेल्या बेअरिंगवरून भार जास्त होता हे कळतं का?

कळतं. बाहेरची रिंग काढण्याआधी हाऊसिंगवर आणि रिंगवर वरच्या बाजूची खूण करा. मग रिंग धुऊन बॉलचा माग बघा. बेल्टच्या ओढीकडच्या भागातच माग असेल आणि तो मधोमध असेल तर सगळं ठीक. माग त्याच बाजूला पण रुंद, खोल आणि पापुद्रे सुटलेला असेल तर ताण जास्त. माग तिरका, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाणारा असेल तर शाफ्ट किंवा हाऊसिंग वाकडं. पूर्ण वर्तुळभर माग असेल तर बेअरिंग आत चिमटलं गेलं किंवा रोटर असंतुलित आहे. गंजाचे ठिपके ठरावीक अंतरावर असतील तर वरचा पावसाळ्याचा प्रश्न वाचा.

हिशेबात सर्वांत जास्त कुठे चुकतं?

किलो आणि न्यूटन एकमेकांत मिसळतात, तिथे उत्तर जवळपास दहापट चुकतं. व्यासाच्या जागी त्रिज्या घातली जाते. यंत्राच्या पुलीचा व्यास आणि मोटरचे आरपीएम एकत्र वापरले जातात. बेअरिंगपासूनचं अंतर हाऊसिंगच्या कडेपासून मोजलं जातं, ते बेअरिंगच्या मध्यापासून हवं. आणि कॅटलॉगमधली स्टॅटिक क्षमता डायनॅमिकच्या जागी वाचली जाते: ६२०८ या बॉल बेअरिंगची डायनॅमिक साधारण ३२,५०० न्यूटन आणि स्टॅटिक १९,०००, त्यामुळे आयुष्य पाचव्या हिश्शाचं दिसतं आणि विनाकारण मोठं बेअरिंग विकत घेतलं जातं.